जेएलएफ लिव्हरचा खाली-उजवा कोपरा चुकतो: आधी काय तपासावं, मग काय बदलावं

प्रश्न थोडक्यात असा: वापरलेली फाइट स्टिक (मारामारीच्या व्हिडिओ गेमसाठीचा, दांडा आणि बटणं असलेला कंट्रोलर) घेतली आहे. आत सान्वा या जपानी कंपनीची जेएलएफ-टीपी-८वायटी लिव्हर (दिशा देणारा दांडा) आणि ओबीएसएफ-३० बटणं आहेत. खाली-उजवा कोपरा कधी लागतो, कधी लागत नाही, त्यामुळे ६२३ची चाल दहातून तीन-चार वेळा फसते (हे आकडे कीबोर्डच्या नमपॅडवरच्या जागांप्रमाणे दिशा सांगतात: ६ उजवा, २ खाली, ३ खाली-उजवा). एक बटण एकदा दाबलं तरी दोनदा लागतं. अख्खी लिव्हर बदलावी का, अष्टकोनी गेट (दांड्याची हालचाल अडवणारी खालची चौकट) टाकून काम होईल का, आणि हात घातलाच आहे तर बोर्डही (लिव्हर आणि बटणांचे संकेत कन्सोलला पोचवणारं सर्किट) बदलून घ्यावा का?

लिव्हर लगेच मागवू नका. या लिव्हरमध्ये फक्त चार मायक्रोस्विच असतात: वर, खाली, डावा, उजवा. कोपऱ्याचा वेगळा स्विच नसतो. खालचा आणि उजवा हे दोन एकाच वेळी दाबले गेले की बोर्ड त्याला खाली-उजवा म्हणतो. म्हणून कोपरा चुकतो याचा अर्थ त्या दोनपैकी एक स्विच उशिरा लागतोय, मध्येच सुटतोय, किंवा दांडा दोघांपर्यंत पोचतच नाहीये. तिन्हींची दुरुस्ती वेगवेगळी आहे आणि तिन्ही एका नव्या लिव्हरपेक्षा स्वस्त आहेत.

सगळ्यात आधी हात आणि यंत्र वेगळं करा. स्ट्रीट फायटर ६च्या ट्रेनिंग मोडमध्ये इनपुटची नोंद दाखवायची सोय आहे, ती चालू करा. दांडा सावकाश खाली-उजव्या कोपऱ्यात नेऊन दहा सेकंद तिथेच धरा. पडद्यावर ३ची खूण स्थिर राहिली पाहिजे. आता कोपऱ्यातच धरून दांड्यावरचा दाब थोडा कमी-जास्त करा, गोटी बोटांत फिरवा. तरीही स्थिर असेल तर यंत्र ठीक आहे. खेळताना हात कोपऱ्यापर्यंत पूर्ण जात नाहीये. चौकोनी गेटमध्ये कोपऱ्यापर्यंतचं अंतर सरळ दिशेपेक्षा जास्त असतं, हे गेमपॅडवरून आलेल्यांच्या हाताला पहिले काही आठवडे जाणवतं. पण ३ मध्येच २ किंवा ६ होत असेल, एका फ्रेमसाठी जरी, तर दोष आतला आहे. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, १६.६७ मिलिसेकंद. डोळ्याला ते दिसत नाही, नोंदीत दिसतं. संगणकावर तपासायचं असेल तर विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल टाका. तिथे बटणं आणि दिशा दोन्ही दिसतात, पण फ्रेमचा हिशेब मिळत नाही.

आता केबल काढून स्टिक उलटी करा आणि तळाची पत्र्याची प्लेट उघडा. लिव्हरवर पाच पिनांचा कनेक्टर दिसेल. एका टोकाची पिन ग्राउंड (सगळ्या स्विचांची समाईक), सान्वाच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, तिची वायर काळी असते. उरलेल्या चार दिशांच्या. बाकीच्या रंगांवर विसंबू नका. वापरलेल्या स्टिकमध्ये आधीच्या मालकाने हार्नेस बदललेला असू शकतो, आणि स्वस्त हार्नेसमध्ये तर रंगांना काहीच नियम नसतो. कनेक्टर काढून पुन्हा नीट, शेवटपर्यंत दाबून बसवा आणि आधी एवढ्यावरच परत तपासा. कुरिअरमध्ये आदळआपट होऊन अर्धवट निघालेला कनेक्टर हे वापरलेल्या स्टिकमधलं फार नेहमीचं दुखणं आहे.

त्याने फरक पडला नाही तर मल्टिमीटर घ्या. कनेक्टर काढलेला ठेवून एक टोक ग्राउंडच्या पिनवर आणि दुसरं एकेका दिशेच्या पिनवर लावा, मीटर ओहमवर ठेवा, नुसत्या बीपवर नको. दांडा त्या दिशेला दाबला की आकडा एक-दोन ओहमच्या आत येऊन स्थिर व्हायला हवा. इथे एक गोष्ट समजून घ्या. बोर्डावर दिशेची ओळ पुल-अप रेझिस्टरने वर धरलेली असते, म्हणजे स्विच दाबला नसताना तिच्यावर व्होल्टेज असतं आणि दाबला की ती ग्राउंडला जाते. रास्पबेरी पाय पिकोच्या (स्टिकमध्ये वापरता येणारा छोटा बोर्ड, त्याबद्दल पुढे) चिपमध्ये हा आतलाच पुल-अप साधारण ५० ते ८० किलोओहमचा असतो. त्यामुळे स्विचचा संपर्क खराब होऊन शंभर-दोनशे ओहम दाखवत असला तरी बोर्ड तो 'दाबलेला' असाच वाचतो. म्हणजे मोठा आकडा दिसला म्हणजे लगेच चाल चुकणार असं नाही. चाल चुकते ती संपर्क क्षणभर पूर्ण तुटतो तेव्हा. म्हणून दांडा दाबून धरून हलकेच हलवा आणि आकडा उडून 'ओपन' होतो का ते पाहा. शंभर-दोनशे ओहम हे पुढच्या आजाराचं लक्षण समजा.

मुंबई-कोकणात, गोव्यात पावसाळ्यानंतर हा आजार जास्त दिसतो. दमट हवेत संपर्काच्या पृष्ठभागावर थर धरतो, आणि चार महिने कपाटात पडून असलेली स्टिक रोज खेळल्या जाणाऱ्या स्टिकपेक्षा आधी कुरकुरते, कारण वापरात संपर्क घासून साफ होत राहतात.

स्विच शोधताना एक फसगत हमखास होते. दांडा मध्यावरच्या पिव्हटवर (गोलाकार टेकूवर) झुलतो, त्यामुळे वरचं टोक उजवीकडे ढकललं की खालचं टोक डावीकडे जातं. 'उजव्या' दिशेचा स्विच प्रत्यक्षात डाव्या बाजूला असतो आणि 'खाली'चा स्विच वरच्या बाजूला. त्यात तुम्ही स्टिक उलटी करून बघताय, म्हणजे गोंधळ आणखी वाढतो. मीटर लावून दांडा हलवा, 'टिक' आवाज येईल त्या स्विचवर मार्करने खूण करा, मगच त्याला हात लावा.

खराब स्विच सापडला तर संपर्क साफ करायच्या क्लीनरचा एक थेंब स्विचच्या दाबायच्या टोकाशी असलेल्या फटीत सोडा, पन्नास-साठ वेळा दाबा-सोडा, अर्धा तास सुकू द्या. बऱ्याचदा सुधारतो. पण ही मलमपट्टी आहे; संपर्काचा मुलामाच झिजला असेल तर काही आठवड्यांत दोष परत येईल. कायमचा इलाज म्हणजे टीपी-एमए हा चार स्विच बसवलेला तयार बोर्डच बदलणं. एकेक स्विच डिसोल्डर करता येतो, पण त्यात सर्किट बोर्डावरचे तांब्याचे पॅड उचकटायचा धोका असतो. शिवाय एक नवा आणि तीन जुने स्विच ठेवले की दिशांचा दाब वेगवेगळा लागतो. सवयीच्या हाताला हे लगेच खुपतं. चारही एकदम बदला.

स्विच चांगले निघाले तर यांत्रिक भागाकडे या, आणि तिथे पहिला संशय गेटवर घ्या. जेएलएफसोबत येणारा जीटी-वाय गेट आठ दिशांसाठी चौकोनी बसतो, आणि आतली चौकट ४५ अंश फिरवली की चार दिशांसाठी पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेसारखा. चार दिशांच्या जुन्या खेळांसाठी कोणी तो फिरवून ठेवला असेल तर कोपरे लागणारच नाहीत. तुमच्या बाबतीत कोपरा कधी लागतो, म्हणजे गेट पूर्ण फिरलेला नाही. पण चार कड्यांपैकी एखादी कडी नीट अडकली नसेल आणि गेट एका बाजूला मिलिमीटरभर तिरपा असेल, तर नेमकं हेच होतं: तीन कोपरे उत्तम, चौथा रुसलेला. चारही कड्या अंगठ्याने दाबून 'कट' असा आवाज येतो का पाहा. पाच सेकंदांचं काम आहे.

तेही ठीक असेल तर लिव्हर पूर्ण खोलावी लागेल. वरची एलबी-३५ गोटी आधी काढा. दांड्याच्या खालच्या टोकाला खाच असते, तिच्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून दांडा धरा आणि गोटी हाताने घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. आटे साधे ६ मिमीचे आहेत. गोटीला पक्कड लावू नका, तिच्यावर व्रण पडतात आणि ते आयुष्यभर तळहाताला लागतात. मग लिव्हर प्लेटसकट स्टिकमधून सोडवा, कड्या सोडवून गेट काढा, स्विचचा बोर्ड वर उचला. आता दांड्यावर पांढरट किंवा काळं प्लास्टिकचं नळकांडं दिसेल, तो ऍक्चुएटर. त्याच्या बाहेर खाचेत ई-क्लिप. ऍक्चुएटर स्प्रिंगविरुद्ध दाबून धरा म्हणजे क्लिपवरचा ताण जातो, आणि बारीक चपट्या स्क्रू ड्रायव्हरने क्लिप बाजूला ढकला. हे सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. ही क्लिप उडते, आणि उडाली की सापडत नाही. प्रत्येक भाग निघेल त्या क्रमाने कागदावर ओळीत ठेवा आणि एक फोटो काढा.

काय पाहायचं? ऍक्चुएटर बोटांत फिरवा. स्विचला लागणाऱ्या बाजूवर चकाकणारा सपाट पट्टा आला असेल तर तो झिजलाय. तिथे स्विच उशिरा लागतो. तात्पुरता उपाय म्हणून तो ४५ अंश फिरवून बसवा, नवा पट्टा पुढे येईल. पण दांडा फिरला की ऍक्चुएटरही फिरतो, म्हणून नवाच घ्या, स्वस्त भाग आहे. पिव्हटच्या गोलाईवर आणि ती जिथे टेकते त्या बैठकीत काळपट भुकटी दिसेल: जुनं ग्रीस, धूळ आणि प्लास्टिकचा कीस. कोरड्या कापडाने आणि कापसाच्या काडीने पुसा, हट्टी डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोल. पुसल्यावर बैठकीत नखाला खड्डा लागत असेल तर पिव्हट बदला.

ग्रीस सिलिकॉनचं किंवा पीटीएफई असलेलं सिंथेटिक, प्लास्टिकला चालणारं घ्या. प्रमाण मोहरीच्या दाण्याएवढं. पिव्हटच्या गोलाईवर लावा, बोटाने पातळ पसरवा, इतकंच. ऍक्चुएटरला, स्विचला, गेटच्या कडांना ग्रीस लावायचं नाही. ते धूळ धरून स्विचमध्ये नेतं. गंज काढायचा स्प्रे तर लिव्हरच्या जवळही आणू नका. तो आधीचं ग्रीस धुऊन काढतो, दोन दिवस दांडा लोण्यासारखा फिरतो आणि मग कोरडा घासू लागतो. दांडा फिरवताना 'कर्र' आवाज येत असेल आणि पिव्हट स्वच्छ असेल, तर दांड्यावरची, धूळ अडवणारी आणि पॅनेलवर घासणारी चकती पाहा. ती पुसली की आवाज जातो.

स्प्रिंगबद्दल. कारखान्यातून येणारी स्प्रिंग मऊ आहे. दांडा सोडला की तो मध्यापलीकडे झुलून समोरच्या स्विचला टेकतो, आणि नोंदीत न दिलेली उलटी दिशा एका फ्रेमसाठी येते. असं दिसलं तर सेइमित्सू या दुसऱ्या जपानी कंपनीच्या एलएस-५६ लिव्हरची स्प्रिंग जेएलएफमध्ये थेट बसते आणि परतणं खंबीर होतं. चार्ज करणाऱ्या (दिशा धरून ठेवून मग चाल करणाऱ्या) पात्रांना आणि टेकेन या खेळातल्या मागे-मागे हालचालींना हा बदल आवडतो. जुनी स्प्रिंग ओढून लांब करू नका, काही दिवसांत ती पुन्हा बसते. फार कडक स्प्रिंगने तासाभरात मनगट दुखू लागतं आणि माणूस नकळत हालचाली अर्ध्यात सोडतो. १ मिमी जाड ऍक्चुएटर लावून दिशा लवकर लावण्याचा प्रकारही आहे. मऊ स्प्रिंगसोबत तो करू नका, कारण मधली मोकळी जागा कमी झाली की उलटी दिशा आणखी वेळा लागते. आधी स्प्रिंग, मग गरज वाटली तर ऍक्चुएटर.

अष्टकोनी गेट, म्हणजे जीटी-८एफ, तुमचा दोष घालवणार नाही. खराब स्विच अष्टकोनातही खराबच राहतो. अष्टकोनात आठही दिशांना खाच मिळते, हाताला कोपरा 'सापडतो', पण खाचांत दांडा अडकत गेल्याने २३६ची सलग गोलाई तुटक होते. चौकोनात कोपरा हा भिंतींचा खरा शेवट आहे: खाली-मागे धरून बसायचं असेल तर न पाहता दांडा तिथे टिकतो. माझं मत स्पष्ट आहे, आधी चौकोनावर महिनाभर सराव करा. तरी जमलं नाही तर गेट बदला, चार कड्यांचंच काम आहे आणि परत फिरवता येतं. कोरियन रबरवाली लिव्हर ही वेगळी गोष्ट: स्प्रिंगऐवजी रबराची चकती, गोल फिरणं. टेकेनच्या लोकांना ती हवी असते. घेण्याआधी केसची आतली खोली मोजा, पातळ केसमध्ये ती तळाला टेकते. तिच्या रबराला ग्रीस लावू नका.

आता दोनदा लागणारं बटण. दोष बटणात आहे की वायरीत ते ठरवायला शेजारच्या चांगल्या बटणाच्या दोन वायरी याच्याशी अदलाबदल करा. बटणाच्या पायांना उलटसुलट नसतं, कुठलीही वायर कुठल्याही पायाला चालते. दोष वायरीसोबत गेला तर क्रिंप (वायरीच्या टोकाला आवळलेला धातूचा कनेक्टर) सैल आहे, बटणासोबत राहिला तर बटण गेलं. बटण बदलणं सोपं आहे. कनेक्टर २.८ मिमीचे असतात. वायर धरून ओढू नका, लांब चोचीच्या पक्कडीने धातूची टोपी धरून हलकेच डोलवत काढा. जोर लावला तर बटणाचा पाय प्लास्टिकमध्ये सैल होतो आणि चांगलं बटण अधूनमधून लागणारं बटण होतं. मग आतून दोन्ही बाजूंच्या कड्या चिमटीत दाबून बटण वर ढकला. वरून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर पॅनेलवर ओरखडा आणि तुटलेली कडी, दोन्ही मिळतं.

नवं घेताना भोक मोजा. जपानी पद्धतीचं भोक ३० मिमी, स्टार्ट-सिलेक्टचं २४ मिमी. अमेरिकन बटणांचं सुमारे २८ मिमी आणि त्यांचे पायही रुंद, ४.८ मिमीचे. कडीवाली ओबीएसएफ पातळ पत्र्याला धरतात. लाकडी किंवा जाड ऍक्रेलिकच्या पॅनेलला नटाने आवळायची ओबीएसएन-३० घ्या. एकाऐवजी सलग तीन-चार बटणं एकदम बंद पडली असतील तर बटणं बदलू नका: सगळ्या बटणांचा ग्राउंड एकाच साखळीने फिरतो, ती जिथे तुटते त्याच्या पुढची सगळी बटणं गप्प होतात. बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये (त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये) डिबाउन्स, म्हणजे एका दाबानंतर पुढचे झटके दुर्लक्षायचा वेळ, वाढवून दोनदा लागणं झाकता येतं, पण झिजलेला संपर्क झिजतच राहतो.

बोर्ड बदलायचा का? सध्याचा बोर्ड तुमच्या कन्सोलवर चालतो आणि सगळी बटणं ओळखतो, तर नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी बोर्डाच्या नाहीत. बदलणं योग्य ठरतं ते जुना बोर्ड आजच्या यंत्रावर ओळखलाच जात नसेल किंवा यूएसबीचा भागच मेला असेल तेव्हा. संगणकावर खेळत असाल तर रास्पबेरी पाय पिको आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे मुक्त फर्मवेअर हा मला सगळ्यात भावणारा रस्ता आहे. पिको मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. सान्वाचे भाग मात्र बाहेरून मागवावे लागतात. 'झिरो डिले' नावाने मिळणारे स्वस्त बोर्ड सरावाला ठीक आहेत, पण नावाप्रमाणे शून्य विलंबाचे नसतात. पिको दर मिलिसेकंदाला माहिती देतो.

पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरून केबल लावा, संगणकावर आरपीआय-आरपी२ नावाचा ड्राइव्ह येईल, त्यात पिकोसाठीचीच यूएफ२ फाइल टाका. नेहमीच्या मांडणीत वर, खाली, उजवा, डावा या क्रमाने जीपी (पिकोच्या पिनांचे क्रमांक) २, ३, ४, ५. मग बटणं, फर्मवेअरमधल्या नावांनी: बी१ आणि बी२ ६ आणि ७वर, आर२ आणि एल२ ८ आणि ९वर, बी३ आणि बी४ १० आणि ११वर, आर१ आणि एल१ १२ आणि १३वर. सिलेक्ट १६, स्टार्ट १७. इथे उजवा डाव्याच्या आधी येतो, तिथे बरेच जण चुकतात. प्रत्येक बटणाचा एक पाय आपापल्या पिनला, दुसरा ग्राउंडच्या साखळीला. वेगळे रेझिस्टर लागत नाहीत. वायर २२ ते २४ गेजची, बारीक तारांची. एकतारी वायर वाकून सोल्डरपाशी तुटते. सोल्डरिंग ३५० अंशांवर, एका पॅडवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. स्टार्ट दाबून केबल लावली की ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ या पत्त्यावर सेटिंग उघडतं, तिथे पिना बदलता येतात. म्हणून लिव्हर ९० अंश फिरवून बसली आणि 'वर' दाबल्यावर 'उजवा' लागला, तरी वायरी उपटत बसू नका.

पिकोवरचं छोटं यूएसबी सॉकेट रोजच्या ओढाताणीला बनलेलं नाही. न्यूट्रिक कंपनीचं पॅनेलवर बसणारं यूएसबी सॉकेट २४ मिमीच्या भोकात बसतं, ते लावा आणि आत छोटी केबल प्लास्टिकच्या पट्टीने केसला बांधा. आणि पीएस४ असेल तर आधीच जाणून घ्या: अधिकृत ओळख नसलेल्या बोर्डाचा संपर्क आठ मिनिटांनी तुटतो. तिथे ब्रूक कंपनीच्यासारखा तयार बोर्ड घ्या, किंवा जुना बोर्ड पीएस४चा असेल तर तोच ठेवा.

तुमच्या स्टिकसाठी खरेदी एवढीच दिसते: एक ओबीएसएफ-३०, आणि मीटरने स्विच दोषी ठरला तर एक टीपी-एमए. त्याच पाकिटात एक ऍक्चुएटर, एक एलएस-५६ची स्प्रिंग आणि दोन जादा ई-क्लिप टाकून घ्या, कारण परदेशातून मागवताना टपालखर्च भागांपेक्षा जास्त बसतो. जोडून झाल्यावर, तळाची प्लेट लावण्याआधी, ई-क्लिप खाचेत पूर्ण बसली आहे का ते ती नखाने गोल फिरवून पाहा, आणि दहा सेकंदांची कोपऱ्याची चाचणी चारही कोपऱ्यांत पुन्हा करा.